वासावर आलेले पाहुणे

नाताळच्या सुट्टीत आमच्या मंडळाचं संमेलन असायचं, मालवणात, शाळेच्या ग्राउंडवर. मुळात ते आपल्याच माणसांसाठी. पोरांचे डान्स, दहावीवाल्यांचे सत्कार, बायकांची संगीत खुर्ची आणि मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची न संपणारी भाषणं. टुरिस्ट लोकांचा त्यात काहीच संबंध नव्हता. पण १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, आणि कुडाळ नायतर कणकवलीला उतरून एसटीने येणारी पुण्या-मुंबईची माणसं समुद्रातला सिंधुदुर्ग किल्ला बघून झाला की आता संध्याकाळी करायचं काय म्हणून बाजारात नुसतीच फिरताना दिसायला लागली. तेव्हा मंडळात कोणीतरी म्हणालं, अरे मग ह्यांनाच बोलवूया की!

हँडबिलं छापली. जेटीवर उभं राहून किल्ल्यावरून परतणाऱ्या होडीतल्या लोकांना वाटली, अर्ध्यांनी त्यात शेंगदाण्याची टरफलं गुंडाळून तिथेच टाकली. खरं सांगायचं तर माणसं आली ती वासावर. ग्राउंडच्या कडेला काकीमंडळींनी वडे तळायला घेतले होते, बाजूला कोंबडीचा रस्सा उकळत होता, आणि रस्त्याने जाणारी एक फॅमिली गेटपाशी येऊन विचारते, "बाहेरच्यांना मिळेल का?" काकी म्हणाल्या, "बाहेरचे कसले? बसा. खावन बघा आधी, पैशे मगे." झालं, पुढच्या वर्षापासून स्टॉल!

स्टॉल म्हणजे काय तर शाळेचे बेंच आणि त्यावर चादर. बचत गटाच्या बायका कुळथाचं पीठ, आंबोशी, फणसपोळी, काजूगर मांडून बसायच्या. गर्दी मात्र खाजावाल्याकडे, कारण तो सगळं समोर करून दाखवायचा. बेसनाच्या जाड शेवा तळून काढायच्या, गुळाचा पाक आलं घालून तापवायचा आणि मग त्यात घोळवताना त्याचे हात असे काय चालायचे की पोरं डान्स सोडून तिथे. जत्रेत आपण खाजा घेतो आणि चालायला लागतो, तो होतो कसा हे आम्हा मालवणकरांनाही ह्या पाहुण्यांमुळेच नीट बघायला मिळालं.

आणि ते आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला घट्ट रस! एका वर्षी कोकमाच्या बाटल्यांना लेबलंच नव्हती. एका पुण्याच्या काकांनी सरबत समजून मिठाचं आगळ ग्लासात ओतून तसंच तोंडाला लावलं, त्यांचा चेहरा अजून आठवतोय. पण माणूस मोठ्या मनाचा, मग तिथेच बसून आमसूल, आगळ आणि साखरेतलं अमृत कोकम ह्यातला फरक समजून घेतला, त्याच आगळात नारळाचं दूध घालून केलेली सोलकढी प्यायले दोन वाट्या आणि जाताना आगळाच्याच बाटल्या घेऊन गेले. पुढच्या वर्षी लेबलं आली, मंडळातल्याच एका पोराच्या सुंदर अक्षरातली.

सकाळचा कार्यक्रम किल्ल्यावर असायचा. आठवी-नववीच्या पोरांना गाइड करायची आयडिया शाळेतल्या बाईंची. पोरं आधी मोरयाच्या धोंड्यापाशी न्यायची, किल्ल्याच्या बांधकामाची पूजा इथे झाली, २५ नोव्हेंबर १६६४, हे एका दमात. मग होडीने कुरटे बेटावर. पायात शिसं ओतलंय, दरवाजा समोरून दिसत नाही, चुन्यातला महाराजांच्या हाताचा ठसा, सगळं पाठ. पण लोकांना सगळ्यात भारी वाटायच्या त्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि विहिरीला गोडं पाणी! एकदा कोणीतरी विचारलं, हे कसं काय, तर आमचा गाइड छाती काढून म्हणाला, "सर, ता महाराजांका विचारूक होया." त्याला बक्षीस द्यायला पाहिजे होतं, बाई मात्र चिडल्या.

दांडीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने ओढायचं मोठं जाळं, लागली असेल तर पाहुण्यांना दोरीला हात लावायला द्यायचे. शहरातली माणसं जीव खाऊन ओढायची आणि जाळ्यात कधी पेडवे-तारली, कधी नुसता कचरा. संध्याकाळी मासळीचा लिलाव बघायला थांबायची, त्यांना ओ की ठो कळायचं नाही, तरी थांबायची.

राहायची सोय हा एक वेगळाच घोळ. नाताळात लॉज फुल्ल, मग सेक्रेटरी चिठ्ठी लिहून माणसं घराघरात पाठवायचे, ह्यांना पडवीतली खोली द्या, सकाळी घावणे-चटणी द्या. तेव्हा एमटीडीसीच्या, म्हणजे पर्यटन महामंडळाच्या, निवास-न्याहारी योजनेचे कागद कोणी बघितलेपण नव्हते. आज चिवल्यापासून तारकर्ली-देवबागपर्यंत जे होमस्टे दिसतात त्यातली काही घरं मला त्या चिठ्ठ्यांपासून माहीत आहेत. जाहिरात म्हणाल तर हीच, घावणे खाऊन गेलेला माणूस पुढच्या वर्षी साडूला घेऊन यायचा.

रात्री दशावतार, म्हणजे आमच्याकडचं रात्रभर चालणारं पौराणिक नाटक. पाहुण्यांना आम्ही मुद्दाम स्टेजच्या मागे न्यायचो, तिथे प्रत्येक नट आपापला पेटारा उघडून स्वतःच रंगायला बसलेला, मिशा काढलेला धिप्पाड माणूस बघता बघता राणी होतो. संवाद लिहिलेले नसतात, आयत्या वेळचे असतात हे सांगितलं की लोकांना खरंच वाटायचं नाही. संकासूर राक्षस आला की लहान पोरं आयांच्या मागे. मग हळूहळू अर्धे पाहुणे खुर्चीतच झोपायचे, आणि युद्धाला पेटी-मृदंग-झांज तापली की दचकून उठायचे.

भांडण झालं ते ह्यावरूनच. हिशोबाच्या मीटिंगला एकाने सुचवलं की टुरिस्टांसाठी दोन तासांचा शॉर्ट दशावतार करू, आणि वड्यांचा स्टॉलपण केटरिंगवाल्याला देऊन टाकू. अशी आरडाओरड झाली की उरलेल्या नारळांचं काय करायचं हा विषय राहूनच गेला. केटरिंग नको म्हणणाऱ्यांत मी होतो, अजूनही आहे. दशावताराचं मात्र मला तेव्हापण वाटलं होतं, दोन नको, पण तीन तास चालतील. हे आमच्या काकांसमोर बोलायची अजून हिंमत नाही.