पैसे वसूल

मॅरेथॉनच्या नोंदणीचे पैसे दीड तासात शर्यत संपवणाऱ्यालाही तेवढेच पडतात आणि सव्वातीन तास लावणाऱ्यालाही तेवढेच. त्या पैशांत रस्ताभर पाणी, केळी, संत्र्याच्या फोडी, मीठ, ढोल-ताशे, फोटोग्राफर, पोटरीवर स्प्रे मारून देणारी कॉलेजची मुलं आणि मागून हळूहळू येणारी अँब्युलन्स एवढं सगळं येतं. पुढची मंडळी यातल्या निम्म्या गोष्टींकडे ढुंकूनही बघत नाहीत. हा व्यवहार मला कधीच पटलेला नाही. मी पुण्यातल्या एका रनिंग ग्रुपमध्ये आहे. तिथल्या निकालाची यादी खालून वाचायला घेतली तर माझं नाव लवकर सापडतं. त्या अधिकारानं सांगते, मॅरेथॉन वसूल होते ती मागच्यांनाच.

त्यातही साताऱ्याला. तिथली हिल मॅरेथॉन 2012 मध्ये सुरू झाली, 2015 मध्ये डोंगरावरच्या शर्यतीतल्या विक्रमी गर्दीसाठी तिचं नाव गिनेसच्या नोंदीत गेलं आणि आता नोंदणी उघडली की भराभर भरते. पोलीस परेड ग्राउंडवरून निघायचं, पोवई नाका, अदालत वाडा, समर्थ मंदिर करत गावाबाहेर पडायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, माथ्यावर वळसा मारायचा आणि आल्या वाटेनं परत. बोलताना मॅरेथॉन म्हणत असलो तरी अंतर अर्ध्याचं आहे, म्हणजे 21 किलोमीटर आणि वर साडेसत्याण्णव मीटर. हे वरचे मीटर पुढच्यांच्या खिजगणतीतही नसतात. वीस-पंचवीस सेकंदांत ते उरकतात. आम्हाला मात्र एकविसाचा फलक मागे पडल्यावर कमान येईपर्यंत घरादाराचा विचार करायला सवड मिळते. बाहेरून येणाऱ्या पुष्कळांची समजूत असते की आपण कासच्या फुलांमधून धावणार. कास तिथून बरंच पुढे राहतं. फुलं बघायची तर दुसऱ्या दिवशी, गाडी करून, लंगडत.

जायचा आणि यायचा रस्ता एकच, ही या शर्यतीची खरी मेहेरबानी. गोल फिरवून आणणाऱ्या शर्यतींत पुढचे एकदा सुटले की सुटले, त्यांचं दर्शन थेट दुसऱ्या दिवशीच्या पेपरात. इथे तसं नाही. आम्ही घाटात धापा टाकत असतो आणि वरच्या वळणावरून पायलट मोटरसायकलचा आवाज येतो. मागोमाग "लेफ्ट घ्या, लेफ्ट!" अशी ओरड. सगळा चढणारा जमाव डाव्या कडेला सरकतो आणि मधून पहिला खाली जातो. एकूण सव्वा तासाच्या आगेमागे तो मैदानात पोचणार असतो. जवळून जाताना त्याचा श्वास ऐकू येत नाही, फक्त ओल्या डांबरावर बुटांचा बारीक चट-चट आवाज येतो. खांदे हलत नाहीत, नजर दहा हात पुढे रस्त्यावर. आपण टाळ्या वाजवतो, "भारी रे!" ओरडतो. त्याला ते पोचतं की नाही, देव जाणे.

मग लष्करातले येतात, केस बारीक कापलेले, दोघे-तिघे एका लयीत. मग भरतीची तयारी करणारी पोरं. पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावं लागतं, आणि इथली कितीतरी मुलं त्यासाठी रोज पहाटे चढावर पळतात, फुकट, मनगटावर घड्याळ नसताना. त्यांच्यात एखादी माण-खटावकडची पोरगी असते. बूट झिजलेले, वेणी घट्ट, आणि चांगल्या चांगल्या कंपन्यांचे टी-शर्ट मागे टाकत निघालेली. ललिता बाबर याच जिल्ह्यातल्या, माण तालुक्यातल्या मोहीच्या. 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकला 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावून त्या दहाव्या आल्या. त्या पोरीकडे बघताना ते आठवतं, आणि टाळी जरा जोरातच वाजते.

त्यांच्यानंतर घड्याळवाले. दर किलोमीटरला मनगट वर करून बघतात आणि चेहरा पाडतात. त्यांच्यात आमच्या ग्रुपचे वेगवान लोक असतात. "ताई, मस्त चाललंय!" असं ते ओरडून जातात. आपलं मस्त चाललेलं नाही हे दोघांनाही दिसत असतं. उतरणाऱ्यांची तोंडं बघून वर काय वाढून ठेवलंय याचा अंदाज येतो, पण तोंडानं खरं कोणी सांगत नाही. "किती राहिलं हो?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "आलंच, दोन वळणं." यवतेश्वरच्या घाटात कधीही, कुठेही विचारा, दोनच वळणं राहिलेली असतात. वळसा मारून मी स्वतः खाली यायला लागले की मीही तेच सांगते. त्या चढावर खरं बोलणं माणुसकीला धरून नाही.

चढावर आम्ही मागचे लोक धावत नाही, हे आता सांगून टाकायला हरकत नाही. आम्ही चालतो. कोच सर त्याला पॉवर वॉक म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. अपवाद एकच, फोटोग्राफर. एखाद्या वळणावर कठड्याला टेकून तो कॅमेरा घेऊन बसलेला असतो. वीस पावलांवरून तो दिसला की चालणारा अख्खा घोळका अचानक धावायला लागतो. पोटं आत जातात, टोप्या सरळ होतात, कोणी दोन्ही हात वर करून विजयाची खूण करतं. कॅमेरा मागे पडला की पुन्हा चाल. एकदा माझ्यापुढचे एक काका ऐन क्षणी शिंकले. फोटो आले तेव्हा त्यांनी तो विकत घेतला म्हणे, कारण दोन्ही पाय हवेत असलेला त्यांचा तेवढा एकच फोटो होता.

चालण्याचा मोठा फायदा म्हणजे बोलता येतं. आपला वेग झेपण्यातला आहे की नाही हे ओळखायची साधी चाचणीच अशी आहे की धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. आम्ही परिच्छेद बोलतो. त्या घाटात माझ्या किती ओळखी झाल्या! सांगलीच्या एक बाई भेटल्या, मुलीचं लग्न डिसेंबरात, हॉल मिळालेला, केटररचं ठरत नव्हतं. चौथ्या किलोमीटरपासून आठव्यापर्यंत आम्ही मेनू लावला. बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ होते. डॉक्टरनं रोज चालायला सांगितलं तेव्हा पाच मिनिटांत दम लागायचा, म्हणाले. आता सूनबाई ओरडते, बाबा किती पळता. कोल्हापूरचे एक डॉक्टर शेजारी आले आणि प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास पाणी पिताना मला बघून त्यांना राहवलं नाही. म्हणाले, "ताई, तहान लागेल तेवढंच प्या. सोबत मीठ घ्या." साध्या पाण्याचा मारा झाला तर रक्तातलं सोडियम उतरतं, चक्कर येते, आणि फार झालं तर जिवावर बेतू शकतं. लांबच्या शर्यतींत हा धोका पुढच्यांपेक्षा हळू धावणाऱ्यांना जास्त, कारण त्यांच्या हाताशी प्यायला वेळ भरपूर असतो. एवढा एकच तोटा मला आमच्या बाजूला दिसला. मी त्यांच्यासमोर मिठाची चिमूट जिभेवर ठेवली आणि लग्नाच्या मेनूकडे परत वळले.

बाजूला सातारा खाली खाली जात असतो. घाटाच्या सुरुवातीला मान वर करून बघावा लागणारा अजिंक्यतारा हळूहळू डोळ्यांच्या रेषेत येतो. धुकं असलं तर तोही नाही, मागेपुढे चार माणसं आणि कुठूनतरी येणारा ढोल. हा ढोल कुठल्या वळणावर आहे ते कळत नाही, त्यामुळे पाय आपोआप उचलतात. वाजवणारी पोरं पहाटेपासून आलेली असतात. पुढचे जातात तेव्हा ती नुकती ताशा तापवत असतात. हात तापतो, ठेका पकडतो आणि रंग चढतो तो बरोबर आमच्या वेळेला. आमच्यातले काही जण तिथे थांबून दोन मिनिटं नाचतात. वेळ गेला म्हणून हळहळणारं आमच्यात कोणी नसतं.

गावातून जाताना तर विचारू नका. दारादारांत माणसं उभी. पेन्शनरांचं गाव म्हणून साताऱ्याला हसतात, पण सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून रस्त्यावर उभं राहून, ओळख ना पाळख अशा हजारो माणसांना टाळ्या वाजवायच्या, हे काम पेन्शनरांशिवाय कोण करणार? परतीच्या वाटेवर एका घरासमोर नऊवारीतल्या आजी वाटीत साखर घेऊन उभ्या होत्या. चिमूट हातावर ठेवायच्या आणि प्रत्येकाला विचारायच्या, "कुठनं आलासा?" पुढून आलेल्यांपैकी एकही थांबला नाही, अशी त्यांची तक्रार. मी थांबले. पुण्याहून म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "पैसं देऊन पळताय व्हय? आन् बक्षीस?" मी म्हटलं, मेडल मिळतं, सगळ्यांना. त्यांनी आणखी एक चिमूट दिली. सांत्वनाची असावी.

लोकांना चढाची भीती वाटते, पण पायांचा खरा हिशेब उतारावर चुकता होतो. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणलं जात असतानाच ब्रेक मारावा लागतो. हे काम त्यांना सवयीचं नसतं, म्हणून दुखणं त्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उगवतं. मंगळवारी ऑफिसचा जिना रेलिंगला धरून उलटं उतरणारं माणूस दिसलं तर रविवारी ते कुठे होतं हे विचारायची गरज नसते. वेगवान मंडळी उताराला सुटतात आणि जास्त भोगतात. आम्ही उतारही जपून उतरतो. इथेही फायदा आमचाच.

सगळीकडे असं असतं असं मात्र नाही. एका मोठ्या शहरातल्या शर्यतीत आम्ही पोचलो तेव्हा पाण्याची टेबलं उचलून झाली होती, रस्ता वाहतुकीला खुला केला होता आणि मी सोळाव्या किलोमीटरला सिग्नलला थांबले होते. शेजारच्या रिक्षावाल्यानं बिबकडे, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या कागदाकडे, बघून "बसा, सोडतो" म्हटलं. शेवटच्या पंगतीला नुसती चटणी, तशातली गत. आयोजक कसे आहेत हे पहिल्याला कधीच कळत नाही. शेवटून पाचव्याला विचारा.

दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्सबद्दल म्हणूनच मला फार आदर आहे. डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमधली ही साधारण नव्वद किलोमीटरची शर्यत 1921 पासून आहे. आपल्याकडूनही दरवर्षी पुष्कळ जण जातात आणि त्यासाठी घाटाघाटांत सराव करतात. मुदत बारा तासांची. तिथे पहिल्याइतकंच महत्त्व शेवटच्याला असतं. बारा तास भरत आले की सगळं स्टेडियम उभं राहून शेवटून येणाऱ्यांच्या नावानं ओरडत असतं. वेळ संपल्याची बंदूक झाडणारा माणूस अंतिम रेषेकडे पाठ करून उभा राहतो. एका पावलानं कोण हुकलं ते त्याला बघायचं नसतं. आमच्या ग्रुपमधले जाऊन आलेले एक जण सांगत होते, स्वतःची वेळ ते विसरले, पण रेषेपासून चार हातांवर अडवलेला एक माणूस विसरले नाहीत.

साताऱ्यात तसं काही नाट्य माझ्या वाट्याला आलेलं नाही. मी आरामात पोचते. कमानीखालची चटई पीं करते, बिबच्या मागची चिप आपली खरी वेळ लिहून घेते, कोणीतरी गळ्यात मेडल घालतं. मग नाश्ता, बूट काढून गवतावर बसणं, आणि कंदी पेढ्याचा पुडा फोडणं. इथे अनुभवकथनाला सुरुवात होते. सांगलीच्या बाई तिथेच सापडल्या, केटरर शेवटी उतारावर ठरला होता. बँकवाले काका साखरवाल्या आजींची नक्कल करत होते.

आमच्याबरोबर माझा भाचा आलेला होता. त्याची पीबी, म्हणजे आजवरची स्वतःची सर्वोत्तम वेळ, आली होती, एक तास एकावन्न. सगळ्यांनी पाठ थोपटली. मग कोणीतरी म्हटलं, तुझंही सांग की काहीतरी. तो थोडा वेळ विचार करत राहिला. चढावर पेस किलोमीटरला सहा मिनिटं दहा सेकंद होता, म्हणाला, उतारावर चार-वीस. नाडी एकशे अठ्ठ्याहत्तरपर्यंत गेली. पुढे काही सुचेना तेव्हा त्यानं पेढा तोंडात टाकला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मावशी, ढोल होते? कुठे?"