सोलारिस, भाग ७: उजवीकडे दाबलं की यान डावीकडे

सोलारिस म्हणजे अटारी २६०० या जुन्या टीव्ही-गेम कन्सोलवरचा अंतराळयानाचा खेळ, त्याच्याशी चाललेल्या माझ्या झटापटीचा हा सातवा भाग. मागच्या वेळी लिहिलं होतं की जॉयस्टिकची उजवी दिशा मेली आहे आणि शनिवारी उघडून बघतो. तो शनिवार उलटून अठरा दिवस झाले. या अठरा दिवसांत मी एकच जॉयस्टिक पाच वेळा उघडली, चार वेळा सोल्डरिंग केलं, एका निरपराध चिपवर आळ घेतला, आणि भाग १ मध्ये घेतलेली शपथ मोडली. सगळं सांगतो, पण आधी चांगली बातमी: किल्ली मिळाली. खेळातल्या शत्रूच्या कॉरिडॉरमधली ती किल्ली सहा महिने हुलकावणी देत होती. ती उचलली तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते आणि मी एवढ्या जोरात ‘आली!’ म्हणालो की शेजारच्या खोलीतून ‘लाइट गेली होती का?’ असं विचारलं गेलं.

आता उजव्या दिशेचं. सीएक्स-४०, म्हणजे अटारीची मूळ जॉयस्टिक, खालचे चार स्क्रू काढले की उघडते, हे नव्या मंडळींसाठी. आत एक पातळ बोर्ड, त्यावर टेपखाली दाबून बसवलेले धातूचे डोम, म्हणजे दाबले की जोडणी करणाऱ्या घुमटासारख्या चकत्या, प्रत्येक दिशेला एक. तीन चकचकीत होते. उजवीकडच्यावर हिरवट-पांढरी बुरशी धरावी तसा थर होता. गिरगावात ऑगस्टमध्ये कपाटातल्या चपलांवर जे येतं तेच, फक्त तांब्यावरचं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानात घालायच्या कापसाच्या काड्या, दहा मिनिटांचं काम. डोम पार गेला होता, म्हणून जुन्या मोडक्या स्टिकमधला काढून बसवला. तरी उजवी दिशा चालेना. मल्टीमीटर लावला तर तपकिरी तार, म्हणजे उजवीकडचीच, केबल जिथे स्टिकमधून बाहेर पडते तिथे आतल्या आत तुटलेली. एकाच दिशेला दोन रोग.

नवी केबल म्हणून लॅमिंग्टन रोडवरून नऊ पिनांची सीरियल केबल आणली. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, दुकानदार ‘फुल वायर्ड आहे साहेब’ म्हणाला तरी काउंटरवरच मीटर लावून बघा. पहिल्या केबलमध्ये नऊपैकी सातच तारा होत्या, आणि नसलेल्या दोनांत पिन ६ होती, म्हणजे फायर बटण. बदलून दिली, पण चेहरा असा केला की जणू मी त्याची किडनी मागितली. दोन, या केबलच्या टोकाला दोन बाजूंनी स्क्रूचे कान असतात, ते अटारीच्या खोबणीत बसत नाहीत. कानस मारून तासावे लागतात. आणि रंग अर्थातच वेगळे. मूळ केबलमध्ये पांढरी वर, निळी खाली, हिरवी डावी, तपकिरी उजवी, नारिंगी फायर, काळी ग्राउंड. या केबलमध्ये गुलाबी, जांभळी आणि दोन जवळजवळ सारख्या राखाडी. मी बीप ऐकत, कागदावर लिहीत जोडल्या. माझी पंचवीस वॉटची सोल्ड्रॉनची सोल्डरिंग आयर्न अजून नव्यासारखी चालते. महागडी स्टेशनं ज्यांना घ्यायची त्यांनी घ्यावीत.

उजवी दिशा चालू झाली. त्याच रात्री किल्ली मिळाली. मी स्वतःला शाबासकी देऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तासभर खेळून झाल्यावर, यान उलटं जायला लागलं.

उलटं म्हणजे स्टिक उजवीकडे, यान डावीकडे. डावीकडे दाबलं की उजवीकडे. शत्रूचं एक कोब्रा यान समोरून येतंय, मी बाजूला व्हायला जातो आणि नेमका त्याच्या पुढ्यात. पहिला संशय स्वतःवर: राखाडी तारा अदलाबदल झाल्या असणार. मग तासभर बरोबर कसं चाललं हा प्रश्न तेव्हा का पडला नाही, देव जाणे. बंद केलं, उघडलं, दोन तारा उलट जोडल्या, चालू केलं. पहिल्या पडद्यापासूनच उलटं. पुन्हा उघडलं, पुन्हा पूर्ववत. आता सरळ. खेळायला बसलो, तासाभराने पुन्हा उलटं.

तासाभराने! म्हणजे गरम झाल्यावर. तुम्हीही हेच म्हणाला असता. जुन्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये ‘थंड असताना ठीक, तापलं की बिघाड’ हे इतकं ओळखीचं की डोकं दुसरीकडे जातच नाही. २६०० मध्ये जॉयस्टिकच्या चारही दिशा ६५३२, म्हणजे रायट चिप वाचते, फायर बटण मात्र टीआयए, म्हणजे चित्र आणि आवाज काढणारी दुसरी चिप, वाचते. फायर व्यवस्थित, दिशा चुकीच्या, म्हणजे गुन्हेगार रायट. त्या चिपवर बोट ठेवून बघितलं, कोमट. टेबलफॅन लावला. झाकण काढून खेळलो. तासाऐवजी पन्नास मिनिटांत उलटं. फॅन लावून लवकर बिघडतंय म्हटल्यावर तरी शहाणं व्हायचं. मी उलट अंदाज केला की सोल्डरला तडा असेल, हवेने बोर्ड हलतोय. ६५३२ चे चाळीसही पाय नव्याने सोल्डर केले. काहीही फरक नाही. मग एका विक्रेत्याकडे ६५३२ची ऑर्डर टाकली, नऊशे रुपये, कुरियर वेगळं.

मधल्या काळात एक शहाणपणाची गोष्ट केली. सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलचा पॅड २६०० ला चालतो, दिशा तशाच आणि बी बटणावर फायर, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत आहे. तो लावला. तासाभराने तोही उलटा. म्हणजे जॉयस्टिक निर्दोष. मग रिव्हर रेड हा दुसरा खेळ लावून सलग दोन तास बसलो. सगळं सरळ. म्हणजे रायटही निर्दोष. आता उरलं काय? कार्ट्रिज. पण कार्ट्रिजला काय कळतंय जॉयस्टिक कुठली? आत खेळ साठवलेला १६ केबीचा रॉम, चार-चार केबीचे चार तुकडे आलटून पालटून लावणारा. माझ्या डोक्यात आलं की एखादा तुकडा सडलाय आणि डावी-उजवी वाचणारा कोड त्यातच आहे. अंतराळयान चालवणारा माणूस इतका वेडा होऊ शकतो.

इथे आईची एंट्री.

आमच्या खोलीत टीव्ही एकच, चौदा इंची, पिक्चर ट्यूबवाला. कन्सोलला कंपोझिट, म्हणजे थेट व्हिडिओ केबलची जोडणी, बसवायचं काम भाग ४ मध्ये झालं तेव्हापासून चित्र उत्तम येतं, रंग सोडून. कार्ट्रिज आत्तेभावाने न्यू जर्सीहून आणलेली, एनटीएससी म्हणजे अमेरिकन टीव्ही पद्धतीची, आणि कन्सोल पाल म्हणजे इथल्या पद्धतीचा. फ्रेम कार्ट्रिजच मोजते म्हणून ती सेकंदाला साठ फ्रेमवर चालते आणि टीव्ही पकडतो, पण रंगांची खिचडी. माझ्याकडे लाल ते लाल आणि निळं ते निळं असं काही उरलेलंच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर आई पलंगावर बसून मेथी निवडत होती. मी खेळत होतो. खालच्या चौकात आमच्या गल्लीतल्या ढोल-ताशा पथकाचा सराव रोज सात ते नऊ असतो, गणपती जवळ आलेत. मी वैतागून म्हणालो, ‘या ढोलामुळे काही सुचत नाही.’

आई म्हणाली, ‘अरे, आज कुठला सराव? पाऊस बघ बाहेर.’

खरंच, धो धो पाऊस. चौकात कुत्रंसुद्धा नव्हतं.

‘मग हा आवाज?’

‘तुझ्या खेळातला. धडाम धडाम सुरू झालं की पाच मिनिटांत तू कपाळाला हात लावतोस. रोज बघते मी.’

मी आवाज वाढवला. टीव्हीतून संथ, जाड ठोके येत होते. शेजारी ओरडतात म्हणून आवाज कमी ठेवतो, वर बाहेरचे ढोल, त्यामुळे इतके दिवस हे ठोके मी पथकाच्या खात्यावर टाकत होतो. नकाशावर गेलो, शेजारच्या क्वाड्रंटमध्ये, म्हणजे आकाशगंगेच्या शेजारच्या विभागात, उडी मारली. ठोके बंद. स्टिक सरळ. परत आलो. ठोके सुरू, स्टिक उलटी. तीन वेळा करून बघितलं. आईने मेथीची जुडी संपवली आणि विचारलं, ‘झालं का दुरुस्त?’

आता शपथेचं. भाग १ मध्ये मी जाहीर केलं होतं की मॅन्युअल वाचायचं नाही, १९८६ सालच्या पोराला वाढदिवसाला नुसती कार्ट्रिज मिळाली असती तर तो खेळला असता तसं खेळायचं. त्या रात्री मोबाइलवर मॅन्युअल उघडलं आणि एकच भाग वाचला. फेडरेशनचा, म्हणजे आपल्या बाजूचा, एखादा ग्रह झायलॉन शत्रूंनी उद्ध्वस्त केला की तो अख्खा क्वाड्रंट रेड झोन होतो आणि तिथे कंट्रोल उलटे चालतात. बिघाड नाही. खेळच तसा आहे. ग्रहावर हल्ला झाल्यावर मी नीट इंधन भरायच्या नादात मदतीला पोचत नव्हतो, आणि माझ्या खेळायच्या पद्धतीने पहिला ग्रह साधारण तासाभरात पडत होता. त्यालाच मी तापमान म्हणत होतो. फॅन लावल्यावर लवकर का? कारण झाकण काढलेलं, लक्ष बोर्डवर, ग्रहाकडे कोण बघतोय. आणि लाल झोन लाल दिसला असता तर कदाचित ट्यूब पेटली असती, पण माझ्या टीव्हीवर लाल कसला ओळखायचा.

हा खेळ लिहिणाऱ्या डग न्यूबाउरला मी मनातल्या मनात साष्टांग घातला. अटारीच्या ८-बिट कॉम्प्युटरवरचं स्टार रेडर्स त्याचंच, त्या कॉम्प्युटरच्या पोकी या आवाजाच्या चिपच्या डिझाइनमध्येही त्याचा हात. १९७७ सालच्या मशीनवर, १२८ बाइट रॅममध्ये, सोळा क्वाड्रंटची आकाशगंगा आणि प्रत्येकात अठ्ठेचाळीस सेक्टर बसवायचे, हायपरस्पेसमध्ये यानाच्या दोन प्रतिमा एकमेकींवर धरून ठेवायला लावायच्या, जरा सुटल्या की इंधन भसाभस प्यायचं, आणि वर हरलेल्या प्रदेशात खेळाडूचे हातच उलटे करायचे. शिक्षा म्हणून गुण कापणं कुणालाही सुचतं. हा माणूस हाताची सवयच कापतो.

एवढं लिहून चहा प्यायला उठलो आणि परत येताना एक कल्पना आली, म्हणून बेत बदलतोय. आधी ठरवलं होतं की आता ग्रह वाचवायचा सराव करायचा, बास. पण माझ्याकडे चुकीची जोडलेली जॉयस्टिक कशी वागते याचा अनुभव तयार आहे. डावी-उजवी उलट जोडली की रेड झोनमध्ये यान सरळ जाईल! म्हणजे दोन स्टिक ठेवायच्या आणि रेड झोनमध्ये शिरताना दुसरी खुपसायची. पण लढाईत खुपसाखुपशी कोण करणार? मग एक सहा पायांचा डीपीडीटी, म्हणजे एकाच खटक्याने दोन तारा फिरवणारा, स्विच. मधल्या दोन पायांवर बोर्डाकडच्या डाव्या-उजव्या तारा, एका टोकाच्या दोन पायांवर केबलच्या त्याच दोन तारा सरळ, आणि तिथूनच दोन जंपर दुसऱ्या टोकाच्या पायांना तिरके. खटका वर सरळ, खाली उलट. ग्राउंडला हात लावायची गरज नाही.

ही चीटिंग आहे का? माझं मत: नाही. रेड झोनमध्ये गेलेलं जहाज जर खरं असतं तर त्याच्या इंजिनिअरने हेच केलं असतं. तुमचं मत वेगळं असेल, ते मी वाचेन आणि बदलणार नाही.

काल दुपारी स्विच आणला, पंधरा रुपये, त्याच दुकानातून. त्याने मला ओळखलं आणि न मागता स्विचवर मीटर लावून दाखवला. स्टिकच्या तळाला, फायर बटणाच्या विरुद्ध कोपऱ्यात भोक पाडलं. तिथे आत जागा आहे, पण स्क्रूच्या खांबाला लागू देऊ नका. माझा ड्रिल घसरून एक ओरखडा पडलाय, त्याबद्दल बोलायचं नाही.

रात्री पहिली चाचणी. एक ग्रह मुद्दाम पडू दिला. त्या वसाहतवाल्यांची मी माफी मागतो. ठोके सुरू झाले, अंगठ्याने खटका खाली, आणि यान सरळ. कोगालॉन चाचे दोन मिनिटांत साफ. मग खूश होऊन शेजारच्या क्वाड्रंटमध्ये उडी मारली आणि खटका वर करायला विसरलो. वाट अडवणाऱ्या पहिल्याच ब्लॉकेडरवर जाऊन आदळलो.

आता खटक्याच्या वरच्या बाजूला वहिनीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय. निदान तो तरी लाल दिसतो. पुढच्या आठवड्यात शत्रूच्या ग्रहांवर अडकलेले कॅडेट सोडवायचे आहेत, एकाच बैठकीत, कारण सेव्ह वगैरे काही नाही. म्हणून रविवारी दुपारी, सराव सुरू व्हायच्या आत.

आणि हो, ६५३२ची ऑर्डर रद्द करायला फोन केला तर माल निघाला म्हणे. पाकीट न उघडता, कुणाची रायट खरोखर गेली असेल तर घेऊन जा. नऊशेच, कुरियरचे मी सोडले.