ब्याऐंशीतून सत्तेचाळीस

"मॅडम, मधल्याचं काय करू तेवढं सांगा. मोठीचं छान चाललंय, धाकटी अजून लहान आहे. पण याच्या डोक्यात गणित शिरूनच नाही राहिलं."

फोनवर त्या आईचं हे पहिलंच वाक्य होतं. नागपुरात मानेवाडा रिंग रोडच्या आतल्या भागात त्यांचं घर. मोठी मुलगी अकरा वर्षांची, मुलगा नऊचा, धाकटी सहाची. मोठ्या दोघांना दोन वर्षांपूर्वी शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतलेलं, धाकटी शाळेत गेलेलीच नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्याच सुमारास आपलंही नवं वर्ष सुरू करायचं आणि त्याआधी प्रत्येकाची पुस्तकं ठरवायची, म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं.

मी बावीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं. आता घरी शिकणाऱ्या मुलांकडे जाते, एकेकाला जवळ बसवते आणि कोणत्या विषयात कुठून सुरुवात करायची ते पालकांना सांगते. हे काम मी धरलं ते एका मुलामुळे. चौथीच्या माझ्या वर्गात तो मागच्या बाकावर बसायचा. त्याला जोडाक्षरं वाचता येत नाहीत हे मला दिवाळीपूर्वीच कळलं होतं. तरी मी पुढचे धडे घेत राहिले, कारण चाळीस मुलांचा पोर्शन संपवायचा होता. वर्षभर तो पुस्तक उघडून, बोट ओळीवर ठेवून, गप्प बसला. ते बोट मला अजून दिसतं.

सकाळी साडेआठला पोचले. जूनमध्ये आमच्याकडे अकरानंतर मोठ्यांचंही डोकं चालत नाही, मुलांचं कुठून चालणार! हॉलमध्ये कूलर लावलेला, आजी खाली बसून तूरडाळ निवडत होत्या आणि टेबलावर पुस्तकांचे तीन गठ्ठे. बालभारतीची होतीच. शिवाय अमेरिकेतून परतलेल्या नातेवाइकांनी दिलेला सॅक्सन मॅथ या तिकडच्या गणिताच्या पुस्तकांचा संच. त्यातलं ७/६ मोठीला दिलेलं, ५/४ मधल्याला.

"७/६ म्हणजे सातवीचं ना? मोठी करते ते," आई म्हणाल्या.

त्या आकड्यांचा घोळ बऱ्याच घरांत होतो. ७/६ हे सर्वसाधारण सातवीच्या किंवा पुढे असलेल्या सहावीच्या मुलासाठी, ५/४ तसंच पाचवी-चौथीसाठी. म्हणजे कव्हरवरचा आकडा इयत्तेचा शिक्का नव्हेच, मूल पाहून ठरवायचं आहे हे तो आकडाच सांगतो. मधल्याला ५/४ दिलं तेव्हा उदाहरणांत आली अमेरिकी नाणी, क्वार्टर आणि डाइम. 'दोन क्वार्टर आणि तीन डाइम मिळून किती सेंट?' क्वार्टर पंचवीस सेंटचं आणि डाइम दहाचं, हे नागपुरातल्या नऊ वर्षांच्या पोराला कोण सांगणार? तो अडला. आईंनी त्याला तिसरीच्या बालभारतीवर आणलं. तिथेही तो अडला. मग घरात ठरलं, की हा गणितात कच्चा.

मी मधल्यालाच आधी बसवलं. आईंना म्हटलं, रोज घेता तसंच घ्या, मी नुसती बघते.

पुस्तकं महाग, पुढे धाकटीला लागणार, म्हणून त्या पुस्तकावर लिहू देत नव्हत्या. उदाहरण वाचून सांगायच्या, मुलाने वहीत उतरवायचं. त्यांनी सांगितलं, "ब्याऐंशीतून सत्तेचाळीस वजा कर."

त्याने लिहिलं आणि थांबला. पेन्सिल टेकवून बसला. मिनिट झालं, दोन मिनिटं झाली. आईंनी माझ्याकडे बघितलं: बघा, हे असं.

मी उठून त्याच्या मागे गेले. वहीत २८ होते आणि त्याखाली ७४.

माझ्या अंगावर काटा आला. पोरगं बरोबर होतं! अठ्ठावीसातून चौऱ्याहत्तर जात नाहीत, म्हणून ते थांबलं होतं. वजाबाकी त्याला येत होती. आपल्या मराठीत दोनअंकी संख्येचं एकक आधी उच्चारतात. ब्याऐंशीत आधी 'ब्या' कानावर पडतो, सत्तेचाळीसमध्ये आधी 'सत्ते'. तो ऐकेल त्या क्रमाने डावीकडून लिहीत होता. याच अडचणीपायी २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'सोबत 'वीस सात' असं वाचन आलं आणि महाराष्ट्रभर केवढा वाद झाला. माझं स्वतःचं मत तेव्हा त्या बदलाच्या विरुद्ध होतं. जुनी संख्यानावं जाऊ नयेत असं आजही वाटतं. पण त्या दिवशी ती वही पाहून, अडलेल्या मुलासाठी हा आधार हवाच, हेही पटलं.

मी दहा संख्या सांगितल्या. सहा उलट्या लिहिल्या. मग तीच वजाबाकी कागदावर अंकांत लिहून समोर ठेवली, ८२ − ४७. त्याने वर न बघता उत्तर दिलं, "पस्तीस."

तेवढ्यात आजी म्हणाल्या, "मॅडम, पोट्टं कच्चं नाही बाप्पा. दुकानातला हिशेब मले तोच सांगते."

महाल भागात त्यांचं किराण्याचं दुकान आहे आणि संध्याकाळी हा मुलगा बाबांजवळ गल्ल्यावर बसतो. हे मला फोनवर कुणी सांगितलं नव्हतं, कारण घरात ते अभ्यासात धरलेलंच नव्हतं. मी विचारलं, तूरडाळ एकशे साठ रुपये किलो, तर पावणेतीन किलोचे किती?

"तीन किलोचे चारशे ऐंशी. पाव किलोचे चाळीस कमी. चारशे चाळीस."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, तिथेच टेकल्या. मी पुढे विचारत गेले. माझी पद्धत साधी आहे. सोप्यापासून सुरू करायचं आणि लागोपाठ तीन चुकली की थांबायचं. घरोघरी जाऊन एकेका मुलाला वाचायला लावणारं असरचं सर्वेक्षणही असंच, अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट अशा पायऱ्यांनी पाहतं. तोंडी गणितात हा मुलगा पाचवीच्या उदाहरणांपर्यंत गेला. लिहिताना मात्र अंक वरखाली सरकायचे, हातच्याचा एक कुठल्या घरात मिळवायचा ते दिसायचं नाही. चौकटीच्या वहीत, एका चौकटीत एक अंक असं लिहायला लावलं, तेव्हा पाचपैकी चार बरोबर आली. म्हणजे एकाच विषयात याच्या दोन पातळ्या होत्या. तोंडी पाचवी, लेखी तिसरी. दोन्हींची सरासरी काढून चौथीचं पुस्तक दिलं असतं, तर अर्ध्या वेळेला कंटाळला असता आणि उरलेल्या अर्ध्यात रडला असता.

मोठीकडे वळले तेव्हा तासभर उलटून गेला होता. ती तयारच होती. इंग्रजी उतारा तिने असा वाचला, की ऐकत राहावं. उच्चार स्वच्छ, कुठे अडखळणं नाही. पण पूर्णविरामाला ती थांबत नव्हती. पुस्तक मिटून म्हटलं, आता मला सांग यात काय झालं? तिने पहिलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. पुढे काही नाही. मराठी उताऱ्याचंही थोडंफार तसंच. ज्या मुलांचं सगळे कौतुक करतात त्यांची ही अडचण फार उशिरा उघडी पडते. नुसतं वाचून घेतलं तर ती दिसतच नाही, सांगायला लावावं लागतं.

मग गणित. पाऊण अधिक अर्धा लिहायला दिलं. तिने वरचे अंक मिळवले, खालचे मिळवले, उत्तर ४/६.

"बरं," मी म्हटलं, "सहा भागांतले चार म्हणजे पाऊण पोळीपेक्षा जास्त की कमी? काढून बघ."

तिने चित्र काढलं. कमी. मिळवूनही कमी कसं झालं? ती कागदाकडे बघत राहिली आणि कोपऱ्यातून भाऊ बोलला, "सव्वा!"

त्याने खोडी म्हणून म्हटलं नव्हतं, रोज दुकानात म्हणतो तसंच म्हटलं. पण तिच्या डोळ्यांतून टपाटप पाणी यायला लागलं. घरात तो कच्चा आणि ती हुशार होती. एका शब्दात ते उलटंपालटं झालं.

"काहून रडून राहिली माय?" आजी उठून आल्या.

ती म्हणाली, "मला पाचवीत बसवतील."

मी तिला खोटं सांगितलं नाही. अपूर्णांक पाचवीच्या पुस्तकातून, सममूल्य अपूर्णांकांपासून पुन्हा घ्यायचे आहेत, हे सांगितलंच. पण भूमिती तिची पक्की होती, तिथे मागे जायचं काही कारण नव्हतं. विज्ञानही वयाचंच ठेवायचं. कुणी वाचून दाखवलं तर तिला सगळं कळत होतं, प्रश्नही नेमके विचारत होती. वाचन कच्चं म्हणून विज्ञानही दोन वर्षं मागे ओढायचं, ही चूक मी अनेक घरांत पाहिली आहे, आणि मुलाचं कुतूहल मारायला एवढी एक चूक पुरते. वाचनासाठी तिला चौथीच्या मानाने सोप्या, छोट्या मराठी गोष्टी. रोज एक वाचायची आणि आजीला सांगायची. आजींना डोळ्यांनी नीट दिसत नाही, त्यामुळे गोष्ट कळली नाही तर त्या सोडणार नव्हत्या.

धाकटीचं लवकर झालं. आईंनी वहीत नोंदवलं होतं, 'कोथिंबीर' हा शब्द तिने 'सांबार' वाचला, चूक. आमच्या विदर्भात कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. पोरीने चित्र पाहून घरातला शब्द सांगितला, त्यात चूक काहीच नव्हती. पण मी चित्रावर हात ठेवला तेव्हा ती 'थिं'वर अडली. म्हणजे ती अजून वाचत नव्हती, चित्रावरून ओळखत होती. सहाव्या वर्षी त्यात काळजीचं काही नाही. तिच्या वर्कबुकांचा गठ्ठा मी कपाटावर ठेवायला सांगितला. चिंचोके मोजू दे, अक्षरं मातीत गिरवू दे आणि रोज कुणीतरी मांडीवर घेऊन वाचून दाखवा.

दुपारी बाबा जेवायला आले. त्यांचा प्रश्न ठरलेला होता. "हे सगळं ठीक आहे मॅडम, पण दहावीचं काय?"

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेचा हक्क देतो, घरी शिकण्याबद्दल मात्र स्पष्ट काही बोलत नाही. घरी शिकणारी बरीच मुलं राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून परीक्षा देतात. तिच्या मूलभूत शिक्षणाच्या अ, ब, क या पातळ्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या धरतात. दहावीसाठी वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ संधी मिळतात, सगळे विषय एकदम देण्याची सक्ती नाही. हे ऐकल्यावर बाबा शांतपणे जेवले. मोठीला अजून तीन वर्षं होती. अपूर्णांकांसाठी तेवढी पुष्कळ.

आई मात्र गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, "याला मी दोन वर्षं रोज बोलले."

मी काय बोलणार? मला ते बोट आठवलं. त्यांच्या हातावर हात ठेवला.

निघायच्या वेळी मोठीने कपाटातून जुन्या कालनिर्णयाची पानं काढली. खाली बसून तिने तिघांच्याही पुस्तकांना कव्हरं घालायला घेतली. पाचवीचं, तिसरीचं, सॅक्सनचं, सगळी सारखीच. चिठ्ठ्यांवर तिने नाव लिहिलं, विषय लिहिला, इयत्तेची जागा कोरी सोडली. हे तिला मी सुचवलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी परत गेले तेव्हा पावसाने नुकतीच हजेरी लावली होती. मोठी आजीला गोष्ट सांगताना मध्येच थांबून "थांब, चुकलं" म्हणाली आणि पुस्तक उघडून पुन्हा बघून आली. मधल्याच्या चौकटीच्या वहीत एका ठिकाणी ५३ लिहून खोडलेलं, बाजूला ३५. आई आता 'पस्तीस' म्हणून लगेच 'तीस पाच' म्हणतात. पण त्याला दोन वाक्यांच्या वर लिहवत नाही, हात दुखतो म्हणतो, पेन्सिल फार घट्ट धरतो. ते नुसतं सरावाचं आहे की आणखी काही, हे मला अजून नक्की कळलेलं नाही. बुधवारी पुन्हा जाणार आहे, या वेळी जाड पेन्सिली घेऊन.