दोन्ही रिकामे असतील तरच

क्लायंटचं म्हणणं एका ओळीचं असतं. ‘मोबाइल किंवा ईमेल, दोन्हीपैकी एक तरी घ्याच.’ यात न कळण्यासारखं काही नाही. घोळ होतो तो पुढे. नोंदणीचा फॉर्म तपासणाऱ्या कोडला काय चालेल ते सांगून भागत नाही, कधी अडवायचं ते सांगावं लागतं. म्हणजे क्लायंटचं वाक्य उलटं करायचं, आणि तिथे भलेभले घसरतात.

नवीन आलेली मुलं हमखास लिहितात: मोबाइल रिकामा किंवा ईमेल रिकामा, तर एरर. वाचायला किती सरळ! क्लायंटचा ‘किंवा’सुद्धा शाबूत. मग एखादे काका नंबर टाकतात, ईमेल नसल्यामुळे तो रकाना सोडून देतात, बटण दाबतात, आणि खाली लाल अक्षरं उमटतात, ‘कृपया मोबाइल किंवा ईमेल भरा.’ काका चष्मा सारखा करून नंबर पुन्हा टाकतात. पुन्हा तेच. फॉर्म विनंती एकाची करतोय आणि मागतोय दोन्ही, हे त्यांना कोण सांगणार?

अशा वेळी मी कीबोर्ड बाजूला सारायला लावते. कागद घे, चार ओळी लिही: दोन्ही भरले, फक्त मोबाइल, फक्त ईमेल, दोन्ही रिकामे. यातल्या कुठल्या ओळीला अडवायचं? फक्त शेवटच्या. म्हणजे मोबाइल रिकामा ‘आणि’ ईमेल रिकामा. नकार आत शिरला की ‘किंवा’चा ‘आणि’ होतो, ‘आणि’चा ‘किंवा’. हा नियम ज्याच्या नावावर आहे तो गणिती ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली मदुराईत जन्मला, तान्हा असतानाच इंग्लंडला गेला. एवढ्याशा नात्यावर त्याला आपला म्हणणं जरा जास्तच, पण मुलांना हे सांगितलं की नियम लक्षात राहतो, असा माझा अनुभव.

‘असेल तर’ हे प्रकरण आणखी मजेशीर आहे. ‘विद्यार्थी असेल तर कॉलेजचं नाव हवं.’ विद्यार्थी नसेल तर? नियम त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. आपल्या कानांना मात्र ते ऐकू येतं. आई म्हणाली, ‘अभ्यास केलास तर आइस्क्रीम,’ की न केल्यास मिळणार नाही हे पोराला न सांगता कळतं. त्याच सवयीने काहीजण विद्यार्थी नसलेल्याने कॉलेज भरलं तर त्यालाही अडवून ठेवतात. इथेही चार ओळी मांडल्या तर चूक एकाच ओळीत सापडते: विद्यार्थी आहे आणि रकाना रिकामा. बाकी तिघांना जाऊ द्या की!

यातच एक खोड लपलेली असते. विद्यार्थी नसेल तर कॉलेजचा रकाना लपवायचा, हे सगळ्यांना सुचतं. पण त्याच्यावरचा ‘रिक्वायर्ड’, म्हणजे ‘हा भरलाच पाहिजे’ असा शिक्का, काढायचा राहून जातो. क्रोम ब्राउझर मग फॉर्म पुढे सोडत नाही, आणि अडचण दाखवायला रकानाच समोर नसल्याने वापरणाऱ्याला कारणही सांगत नाही. तक्रार जाते कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या प्रोग्रामरसाठीच्या खिडकीत, जिथे फॉर्म भरणारं कोणी कधी डोकावत नाही. माणूस बटण दाबत राहतो. लाल अक्षरं परवडली, निदान ती बोलतात तरी.

नावाच्या रकान्यापाशी तर माझं डोकंच फिरतं. ‘नावात फक्त अक्षरं असावीत’, हा नियम कोणालाही रास्त वाटेल. इंग्रजीपुरतं ए ते झेड लिहून मोकळं होता येतं. मराठी नावं घ्यायची ठरली की कोणीतरी हुशारीने रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकूर कसा असावा हे सांगणारा साचा) युनिकोडचा, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीतला, ‘अक्षर’ हा वर्ग टाकतं, आणि काम झालं असं समजतं. पण युनिकोडच्या लेखी आपल्या मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार, हलन्त ही अक्षरं नव्हेत. ती चिन्हं, आणि त्यांचा वर्ग वेगळा. ‘श्री’ हे आपल्याला एक अक्षर दिसतं, पण आत चार तुकडे असतात: श, हलन्त, र आणि वेलांटी. त्यातले दोनच ‘अक्षर’ ठरतात. नियमाची भाषा निर्दोष असते, फक्त तो कोणाला अडवेल हे उलटं करून कोणी पाहिलेलं नसतं. म्हणून टेस्टिंगला मी खरीखुरी नावं घालायला सांगते, ‘अबकड’ नव्हे, कारण ‘अबकड’ पास होतं. कमल भगत बिनबोभाट आत जातात. त्यांच्या शेजारच्या विमल जोशींना मात्र फॉर्म सांगतो, कृपया योग्य नाव भरा.