थोरोंग ला : चढाची भीती सगळे घालतात, उताराचं कुणी बोलत नाही

आधी पुस्तकाचं सांगतो, कारण या वेळचं जाणं त्याच्यामुळंच झालं. माझ्या मुक्तिनाथवरच्या पुस्तकात पान ११२ वर एक वाक्य आहे, "थोरोंग ला पार केला की पुढे मुक्तिनाथपर्यंत उतारच आहे, चालणं सोपं." थोरोंग ला म्हणजे नेपाळात अन्नपूर्णा भागातली खिंड, मनांगच्या बाजूनं चढायची आणि मुक्तिनाथच्या बाजूला उतरायची. हे लिहिलं तेव्हा मी स्वतः तिकडून उतरलो नव्हतो. पोखराहून जीपने जोमसोम, मुक्तिनाथ करून आलो होतो आणि खिंडीचा भाग दोन जाणत्या ट्रेकरांनी सांगितला तसा घेतला. दोघंही म्हणाले, चढ तेवढा काढा, पुढं काय नाय. गेल्या वर्षी कऱ्हाडच्या एका वाचकाचा फोन आला. "सर, तुमचं पुस्तक वाचून गेलो, चढ व्यवस्थित झाला, पण उतारावर गुडघा गेला, शेवटी घोड्यावर घालून खाली आणलं." बोलण्यात राग नव्हता, म्हणून जास्तच लागलं. दुसऱ्या आवृत्तीची बोलणी चालू होती ती थांबवली आणि दसरा झाल्यावर मी आणि माझा मावसभाऊ साताऱ्याहून निघालो.

पुण्याहून गोरखपूरची गाडी, तिथून बसने सुनौली, बॉर्डर चालत पार, पुढं डुम्रेवरून बेसीसहर. व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट नायतर मतदार ओळखपत्र जवळ ठेवा, आधारच्या भरवशावर जाऊ नका. अन्नपूर्णा भागाचं परमिट आपल्याला, म्हणजे सार्क देशवाल्यांना, १००० नेपाळी आहे, बाकी परदेशी लोकांना ३०००. एजंटाकडून करून घेणार असाल तर पावती स्वतः वाचा. कॅश बेसीसहरमध्येच काढून घ्या आणि जोमसोमपर्यंत पुरेल एवढी काढा. सिम नेपाल टेलिकॉमचं.

जीप आता पार मनांगपर्यंत जाते. जाऊ नका. बेसीसहर ८०० मीटरच्याही खाली आणि मनांग ३५४०, एवढी उंची दोन दिवसांत गाठून लोक तिथं डोकं धरून बसलेले आम्ही बघितले. आम्ही चामेपर्यंत जीप केली, पुढं चाललो. मनांगला एक दिवस जादा राहायचंच, हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं केंद्र आहे तिथं, सीझनमध्ये उंचीच्या त्रासाबद्दल डॉक्टर रोज समजावून सांगतात, तेवढा तासभर बसा. पिसांग, मनांग, गंगापूर्णाचा तलाव सगळं सुंदर आहे, त्याचे फोटो भरपूर सापडतील, मी त्यावर लिहीत बसत नाही.

आता खिंड. थोरोंग फेदी, म्हणजे खिंडीच्या पायथ्याचा मुक्काम, ४४५० मीटर, तिथून तासाभराच्या उभ्या चढावर हाय कॅम्प. आम्ही हाय कॅम्पला झोपलो, म्हणजे झोप कसली, नुसतं पडून राहिलो, आणि चारला निघालो. गाइड पोरगा आम्हाला दोघांनाही दाइ, म्हणजे दादा, म्हणायचा, तो पुढं, आम्ही मागं. बाटलीचं झाकण गोठून बसलेलं, ती जॅकेटच्या आत ठेवायला पाहिजे होती. चढ दमवतो पण फसवत नाही, पाऊल टाकलं की पाऊल बसतं. सव्वाआठला वर, ५४१६ मीटर, पताकाच पताका, एक चहाची टपरी. मावसभाऊ रडला. मी पण. दहाच्या आत खिंड सोडायची म्हणतात ते खरंय, वारं नंतर उभं राहू देत नाही. आणि आभाळ जरा जरी वेगळं दिसलं तरी फेदीलाच थांबा, १४ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद चक्रीवादळाच्या शेपटीचा बर्फ याच भागात पडला आणि चाळीसच्या वर माणसं गेली, त्यातली कितीतरी याच खिंडीच्या उतारावर.

आणि आता तो उतार, ज्याला मी सोपा म्हणून बसलो होतो. साधारण १६०० मीटर खाली, एका दमात, एका दिवसात. आपल्या भाषेत सांगतो, अजिंक्यतारा गावापासून साधारण ३०० मीटर उंच आहे, म्हणजे पाच अजिंक्यतारे लागोपाठ नुसते उतरायचे, तेही पहाटेपासून साडेपाचशे मीटर चढून झाल्यावर. सुरुवात बरी आहे, रुंद वाट, त्यामुळं माणूस गाफील राहतो. मग घसारा लागतो. वरनं मुरूम, खाली टणक, पाय टाकला की टाच सरकते आणि सगळा भार गुडघ्यावर. वळणामागून वळण, खाली दरी दिसते, पण गाव काही जवळ येत नाही. चाबरबूच्या टपऱ्या येईपर्यंत पाणी नाही, सावली नाही, बसायला धड जागा नाही, आम्हाला तिथं पोचायला सव्वातीन तास लागले.

अर्ध्यात गाइडनं थांबवलं, खाली वाकला आणि माझ्या बुटाची नाडी पार सोडून परत बांधली, घोट्याजवळ करकचून, बोटांकडं ढिली, टाच मागं बसवून. म्हणाला, दाइ, हे वरच करायला पाहिजे होतं, मी विसरलो. तोवर माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं बुटाच्या टोकाला आपटून काळी पडली होती. आज एक निघालंय, दुसरं जाणार. तेव्हा खिंडीतच टपरीजवळ बसून नाड्या बांधा, नखं आदल्या दिवशी कापा, आणि दोन पोल, म्हणजे चालायच्या काठ्या, घ्या, एक नाही, दोन. उतारावर पोल थोडे लांब करा. मी एकच नेला होता, पायऱ्या चढायची सवय आहे म्हणून.

तयारीचं पण सांगतो. साताऱ्यात आपण यवतेश्वर घाट पळतो, हिल मॅरेथॉन करतो, अजिंक्यतारा रोज चढतो, आणि वाटतं झालं, दम आहे. दम होताच, दमानं काय केलं नाही. कमी पडल्या त्या मांड्या, उतरताना ब्रेक लावणाऱ्या. निदान दोन महिने पाठीवर आठ किलो टाकून जरंडेश्वर उतरा, वासोटा उतरा, आणि सावकाश उतरा, उड्या मारत नाही. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर हा रस्ता करूच नका, पोखराहून जीपने मुक्तिनाथला जा, १०८ धारांखाली डोकं घाला, देव तोच आहे.

घोड्याचा भाव फेदीला आदल्या संध्याकाळी वेगळा, पहाटे वाटेत थकलेला माणूस बघून वेगळा, दुपटीच्या जवळ. शंका असेल तर संध्याकाळीच ठरवा. पण घोडा चढाला मिळतो, घसाऱ्यावर फार थोडे जण येतात, कऱ्हाडच्या वाचकाला मिळाला हे त्याचं नशीब.

फसलो मात्र सगळं संपल्यावर, राणीपौव्यात, मुक्तिनाथच्या खालच्या स्टँडवर. अडीचला पोचलो, पायात त्राण नाही, जीपवाल्यानं दोघांचे मिळून जोमसोमपर्यंत दोन हजार सांगितले, बसलो. उतरल्यावर म्हणतो, आयसी. म्हणजे भारतीय. १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी, हे प्रमाण पक्कं आहे, म्हणजे दोन हजाराचे बत्तीसशे झाले. वाद घातला, गर्दी जमली, शेवटी दिले. पैशापेक्षा त्या थकलेल्या अवस्थेत कुणीतरी साधलं याचा राग अजून जात नाही. नेपाळात कुठलाही भाव कुणी सांगितला की पहिला प्रश्न एकच, आयसी का एनसी, म्हणजे भारतीय का नेपाळी, आणि तो गाडीत बसायच्या आधी.

पुस्तकाचं आता असं. पान ११२ चं वाक्य काढलं, त्या जागी उतारावर अख्खं नवीन प्रकरण आलंय, तास, टप्पे, पाणी कुठं, नाड्या कशा बांधायच्या, सगळं. दुसरी आवृत्ती छापायला गेली. ज्यांच्याकडं पहिली आहे त्यांनी नवीन घ्यायची गरज नाही, हे प्रकरण वेगळं छापून घेतलंय, आठ पानी, फुकट आहे, फक्त मला कळवा. साताऱ्यातल्यांना मी स्वतः आणून देईन. किल्ल्यांचं पुस्तक लांबलंय, त्यातल्या मी स्वतः न उतरलेल्या तीन वाटा आधी उतरून येणार, नख आलं की. त्या आठ पानांची पहिली प्रत कऱ्हाडला पोचती केली.