वरूडच्या शेतात चाळीस जणांचे रोडगे

काटोल सुटलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा लागतात. जलालखेड्यानंतर वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा. डिसेंबरात हा रस्ता फार देखणा असतो: संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी संपत आलेली, पावसाळी मृग बहाराची फळं झाडावर अजून हिरवी, कुठं कपाशीची वेचणी चाललेली, तुरी शेंगांनी लदबदलेल्या आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रांग. वरूडच्या अलीकडे माझ्या मामाचं शेत आहे. दर हिवाळ्यात आम्ही आते-मामे भावंडं पोराबाळांसकट तिथं शनिवार-रविवार जमतो. यंदा चाळीस पानं झाली.

आमच्याकडे एक नियम आहे आणि तो आजीचा आहे: शेतावर तवा चढवायचा नाही. चाळीस जणांना गरम पोळ्या वाढायच्या म्हणजे चार बायका दोन तास चुलीपुढून हलत नाहीत. सगळ्यांचं उरकल्यावर त्या बसतात, तोवर वरण गार झालेलं असतं आणि गप्पाही संपलेल्या असतात. आजीनं उभा जन्म तसं जेवून काढला. म्हणून आता सहलीचा बेत ठरवताना आम्ही आधी एवढंच बघतो, की रांधणारे आणि जेवणारे एका पंगतीत बसू शकतील का? बसता येत नसेल तर तो पदार्थ कितीही आवडीचा असो, यादीतून बाद.

शनिवारी सगळे येईतो दिवस कलला होता. भाऊजींनी येतायेताच तुरीच्या हिरव्या शेंगा तोडून आणल्या. गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाणी, मीठ आणि शेंगा, दुसरं काही लागत नाही. उकडलेल्या शेंगांची परात मधोमध ठेवली की मोठी माणसं निवांत होतात आणि पोरं तासभर 'भूक लागली' म्हणत नाहीत. रांधणाऱ्यांना तेवढा वेळ मिळाला की पुढचं सोपं असतं.

रात्री गोळाभात. चार किलो तांदूळ आणि दोन किलो हरभऱ्याच्या डाळीचा भरडा. भरड्यात तिखट, मीठ, हळद, थोडी मेथी, तेल घालून गोळे वळायचे आणि भात अर्धा शिजला की वर रचायचे. चाळीस जणांचं एकाच भांड्यात करू नये, खालचे गोळे वरच्यांच्या भारानं फुटतात. आम्ही दोन रुंद गंज घेतले आणि गोळ्यांचा एकच थर दिला. वरून झाकण, झाकणावर चार निखारे. वाढताना गोळा भातावर कुस्करायचा आणि त्यावर हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी. सोबत कढी. थंडीत, उघड्यावर, हातात गरम ताट धरून हे जेवण जेवावं, ते सुख मला कुठल्याच हॉटेलात मिळालेलं नाही.

सकाळी तर्री-पोहे, म्हणजे पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा. हरभरे आदल्या दिवशी दुपारीच भिजत टाकले होते. तीन किलो पोहे एकदम भिजवले तर खालच्यांचा लगदा होतो, म्हणून चाळणीत थोडेथोडे घ्यायचे. एवढं सांभाळलं की काम झालं.

खरा दिवस रविवारचा, रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा. आमच्याकडे रोडगे बरेचदा पुरुषच करतात आणि मामाचा हात त्यात बसलेला आहे. विहिरीजवळची मोकळी जागा झाडून घेतली, भोवतीचं वाळलं गवत काढून गोल पाणी शिंपडलं आणि सालदार भाऊंनी, म्हणजे शेतावरच्या सालगड्यांनी, गोवऱ्या रचल्या. पेटवायला पऱ्हाट्या, कपाशीच्या वाळल्या काड्या, होत्याच. भावाला घाई. धूर निघतोय तोच तो गोळे टाकायला निघाला. मामानं हात धरला. "आर होऊ दे आधी. जायात टाकशीन तं वरून कोयसा अन् आतून कच्चा." आर म्हणजे धगधगते निखारे, जाय म्हणजे जाळ.

तोवर सावलीत पीठ मळणं सुरू. आठ किलो कणिक, जाडसर दळलेली. बारीक पिठाचे रोडगे चिवट होतात. मीठ, ओवा, भरपूर तेलाचं मोहन आणि पाणी बेतानं, म्हणजे गोळा घट्ट राहतो. मग तळहाताएवढ्या पुऱ्या थापायच्या. एकीवर तेल लावून दुसरी, तिच्यावर तेल लावून तिसरी, आणि कडा ओढून मोठ्या लिंबाएवढा गोळा बंद करायचा. हे काम सहा वर्षांच्या पोरीलाही येतं आणि ऐंशीच्या आजीलाही. वीस हात एका वेळी लागतात, कुणी कुणाच्या मध्ये येत नाही. तासाभरात सव्वाशेच्या आसपास गोळे झाले, माणशी तीन.

दुसऱ्या चुलीवर आलू-वांगे. सहा किलो लहान वांगे, तीन किलो आलू, लसूण, अद्रक, शेंगदाण्याचा कूट, काळा मसाला आणि वरून मूठमूठ सांबार, म्हणजे कोथिंबीर. मी तांब्याभर पाणी घ्यायला वाकले तर मामी म्हणाली, "राहू दे वं, वांगे सोडते पाणी." खरंच सोडतात. झाकण ठेवून दहा मिनिटं थांबायचं, मग लागेल तेवढंच गरम पाणी. मोठ्या भांड्यातल्या भाजीला मीठ एकदम घालू नये, असं आजी बजावते. आधी निम्मं, शिजत आली की चव घेऊन पुन्हा, उतरवताना लागलं तर शेवटची चिमूट. दोन किलो तुरीच्या डाळीत सुरुवातीलाच हळद आणि पळीभर तेल घातलं की फेस उतू जात नाही, म्हणून उघड्या गंजापाशी कुणाला राखणीला बसावं लागलं नाही.

गोवऱ्यांचा धूर सरला, वर राखेची पांढरी साय आली, आत लाल आर. मग गोळे अंथरले. लांब काडीनं एकेक फिरवत सगळीकडून डाग पडेतो भाजले आणि नंतर त्याच गरम राखेत अर्धा तास पुरून ठेवले. हा अर्धा तास मला फार मोलाचा वाटतो. रोडगे आत भाजत राहतात, बाहेर काढायची घाई नसते, आणि त्या वेळात सगळ्यांचे हातपाय धुऊन होतात, पत्रावळी मांडल्या जातात, भाताचं पाणी आटतं.

काढल्यावर ते स्वच्छ धुतलेल्या पोत्यात भरायचे. दोघांनी दोन टोकं धरायची आणि पोतं हिंदळायचं. रोडगे एकमेकांवर आपटतात, राख झडते. पोरांनी या कामासाठी पाळ्या लावल्या होत्या. मग फडक्यानं पुसून मुठीनं फोडायचे. वरचं कवच कडक, आत पदर सुटलेले, त्या पदरांतून वाफ निघते आणि गोवरीचा किंचित वास येतो. त्या वाफेवरच तूप सोडायचं. तुपाचा हात आखडला तर रोडगा घशात अडकतो, म्हणून दोन किलो तूप आम्ही आधीच बाजूला ठेवलं होतं.

आंब्याखाली दोन रांगा बसल्या. मामा, सालदार भाऊ, त्यांच्या घरचे, मामी, वहिन्या, आजी, सगळे. वाढायचं सगळं रांगांच्या मधोमध ठेवलं होतं, ज्याला लागेल त्यानं हात पुढं करायचा. आजीनं वरणात रोडगा चुरला, वर तूप घेतलं आणि शेजारच्या नातीच्या पानातही चुरून दिला. मामीला पहिला घास गरम मिळाला, हे मी मुद्दाम पाहिलं, आणि मला फार बरं वाटलं.

गंज त्याच राखेनं घासले, लख्ख निघाले. दहा-बारा रोडगे उरले होते. वहिनीनं ते कुस्करून गूळ-तुपात मळले आणि परतीच्या प्रत्येक गाडीत एकेक डबा दिला. पुढच्या हिवाळ्यात शनिवारी रात्री गोळाभाताऐवजी कढीगोळे करावेत, असं आजीचं म्हणणं आहे. चाळीस जणांना ताक किती लागेल, ते मामी आतापासूनच गवळ्याशी बोलून ठेवणार आहे.