दुधाकडे बघ म्हणालीस, बघितलं

मुलांची कार्टून आणि मालिका मराठीत येतात ना, त्यांचे संवाद मी लिहिते. हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: या कामाकडे कशा वळलात? मी ‘स्मॉल वंडर’चं नाव घेते आणि समोरच्याचा चेहरा पडतो. ‘ती रोबोट मुलीची? अहो, केवढी बंडल होती ती!’

बंडल होतीच. तिची वकिली करायची माझी इच्छा नाही. १९८५ ते १९८९ अशी चार वर्षं अमेरिकेत चालली, ९६ भाग झाले, समीक्षकांनी भरपूर झोडपली. वाईट मालिकांच्या याद्यांत आजही तिचं नाव हटकून असतं. टेड लॉसन नावाचा इंजिनियर लहान मुलीसारखा दिसणारा रोबोट तयार करतो आणि गुपचूप घरी आणून ठेवतो. घरात बायको जोन आणि मुलगा जेमी. जेमीच्या खोलीतल्या कपाटात ही विकी उभी. अंगात लाल-पांढरा फ्रॉक, पाठीला झाकण, झाकणाआड बटणं. लोकांना सांगायचं, दत्तक घेतलीय. शेजारची चोंबडी हॅरिएट सदा दारात हजर, त्यात तिचे वडील टेडच्याच कंपनीत, त्यामुळे बिंग फुटायची टांगती तलवार दर भागात. विकीचं काम करणारी टिफनी ब्रिसेट पुढे मोठी दिसायला लागली, आता यंत्राचं वय कसं वाढवणार? तिसऱ्या सीझनमध्ये टेडने तिच्यात सुधारणा केल्याचं दाखवलं आणि मंडळी मोकळी झाली. शिवाय तेव्हापासून ती खायला-प्यायलाही लागली!

पण विकी हे नाव कशावरून आलं बघा. व्हॉइस इनपुट चाइल्ड आयडेंटिकंट, या चार शब्दांच्या आद्याक्षरांवरून. शेवटच्या शब्दाचा अर्थ मला विचारू नका. खरी गंमत पहिल्या दोन शब्दांत आहे. बोललेलं आत जातं आणि जसं गेलं तसंच अमलात येतं. तिला वाक्प्रचार कळत नाहीत, टोमणा कळत नाही, ‘जा, तळ्यात उडी मार’ हे चिडून म्हटलंय की खरंच, हेही कळत नाही. मालिकेतले निम्मे विनोद या एकाच खुंटीला टांगलेले होते. खुंटी मजबूत होती, एवढंच माझं म्हणणं आहे.

आम्ही ती नव्वदच्या दशकात बघितली, स्टार प्लसवर, हिंदीतून. धाकटा भाऊ आणि मी मग घरी ‘विकी विकी’ खेळायचो. विकी अर्थातच मी. एका संध्याकाळी आई म्हणाली, ‘जरा दुधाकडे बघ गं, मी आलेच.’ मी हात शरीराला चिकटवून ओट्यापाशी उभी राहिले आणि बघितलं. साय थरथरली, कडेने वर आली, फुगली, पातेल्याच्या काठावर क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि मग सगळं दूध बर्नरवर. मी बघतच होते. आई धावत आली तेव्हा मी सपाट आवाजात म्हणाले, ‘दुधाकडे बघ म्हणालीस. बघितलं. गॅस बंद कर म्हणाली नाहीस.’ धपाटा बसला, भाऊ हसून जमिनीवर लोळला. पण ‘बघ’ या शब्दात ‘सांभाळ’ दडलेला असतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

दुसरी गोष्ट कळायला वेळ लागला. हिंदीत बोलताना टेडचे, जोनचे ओठ कुठल्या कुठे जायचे. विकीचं मात्र कधी खटकायचं नाही. आता कळतं का ते. चेहरा कोरा, चाल एकसारखी, चढउतार नाही. अशा पात्रावर कुठलीही भाषा चढवा, बसते. बाकीच्यांचे ओठ मिटतात तिथे प, ब, म यांतलं काहीतरी घालावं लागतं, नाहीतर आवाज परका वाटतो. आमचा निम्मा दिवस या ओठ मिटण्यातच जातो.

उरलेला निम्मा जातो चित्रामुळे, कारण शब्द बदलता येतात, चित्र नाही. समजा इंग्रजीत कुणी ‘थट्टा करतोस का’ अशा अर्थाने ‘पाय ओढतोस का’ म्हणालं आणि रोबोटने खरंच त्याचा पाय धरून ओढला. हिंदीवाले नशीबवान, त्यांच्याकडे टांग खींचना तयारच आहे. आपल्याकडे पाय ओढणं म्हणजे वर जाणाऱ्याला खाली खेचणं, तिथे थट्टा नाही, द्वेष आहे. मग? मराठीत नुसतं ‘खेचतोयस काय माझी?’ म्हणायचं. काय खेचायचं ते आपण बोलतच नाही आणि पाय तर चित्रात आहेच. हे सुचलं त्या दिवशी मी स्वतःलाच चहा पाजला.

परवा एक कार्टून आलं होतं. त्यात रोबोटला कुणीतरी ‘चालता हो’ या अर्थाने ‘हिट द रोड’ म्हणतं आणि तो वाकून तळहाताने रस्त्यावर थापा मारत पुढे सरकतो. ‘चालता हो’ लिहिलं तर थापांचं काय करायचं? ‘वाट धर’ म्हटलं तर त्याने रस्ता पकडायला हवा. दोन दिवस अडले होते. मग भावाला फोन केला. तो म्हणाला, ‘आपण पोरांना काय म्हणायचो? चल, रस्ता माप!’ मी परत चित्र लावलं. थाप, सरक, थाप, सरक. वीत घालून मोजतोय असंच दिसत होतं. त्याला ओठही नव्हते, नुसती जाळी होती. म्हणून इंग्रजीत तो गप्प असला तरी मराठीत मी त्याच्या तोंडी घातलं, ‘एक वीत. दोन वीत. तीन वीत.’